चुलीचे पाणी आणि गॅसचा गीझर : वीज नसलेल्या घरातील जोडणी

जुन्या घरांतल्या चुलीला शेजारी एक वैल असे. चुलीतली धग भाकरीच्या तव्याखालून पुढे सरकून वैलाच्या तोंडाशी येई आणि तिथे ठेवलेला पाण्याचा हंडा, त्याच्यासाठी वेगळे जळण न घालता, स्वयंपाक उरकेपर्यंत अंघोळीजोगा तापे. या लेखात सांगितलेली जोडणी म्हणजे त्या वैलाचाच विस्तार आहे. हंड्याच्या जागी तांब्याच्या पाईपची गुंडाळी येते, हंडा उचलून नेण्याचे कष्ट जाऊन पाणी आपोआप माळ्यावरच्या टाकीत फिरते, आणि चूल पेटलेली नसताना किंवा साठवलेले पाणी कोमट झालेले असताना राहिलेली कसर गॅसचा तात्काळ गीझर भरून काढतो.

आमचे घर सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात, शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर आहे आणि तिथपर्यंत विजेची तार आलेली नाही. दिवे आणि मोबाइल सौर पॅनेल व बॅटरीवर चालतात. पाहुणे नेहमी विचारतात की त्याच बॅटरीवर पाणी का तापवत नाही. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. चार माणसांच्या अंघोळीसाठी १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे म्हटले, तर २,५०० किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ ३ युनिट वीज हवी. आमची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी केली, तरी तिच्यातून पावणेदोन युनिटांच्या आसपासच निघेल. तेवढीच उष्णता गॅस गीझरमधून घ्यायला साधारण २८० ग्रॅम एलपीजी पुरतो आणि चुलीतल्या आगीचा चौथा हिस्सा पाण्याला मिळाला असे धरले, तर सुमारे पावणेतीन किलो वाळलेले लाकूड लागते. हे लाकूड स्वयंपाकासाठी तसेही जळणारच असते.

मग दोन्ही कशाला, हा पुढचा प्रश्न. नुसत्या चुलीवर राहिले, तर रात्री उशिरा घरी आलेल्याला किंवा आजारी माणसाला गरम पाणी हवे असताना पुन्हा आग पेटवावी लागते. नुसत्या गॅसवर राहिले, तर पावसाळ्यात रस्ता खचून सिलिंडरची गाडी आठ-दहा दिवस वर येत नाही तेव्हा सगळे अडते. आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या भोवतीचे रान कोयना अभयारण्याला लागून आहे. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. अभयारण्यातले लाकूड तोडता येत नाही आणि तोडूही नये. बांधावरची, स्वतःच्या मालकीची, वाळून पडलेली लाकडे वर्षभर पुरवायची असतील, तर चुलीत जळलेल्या प्रत्येक ढलपीची ऊब दोनदा वापरावी लागते : एकदा भाकरीला आणि एकदा पाण्याला.

जोडणीचे तत्त्व एका वाक्यात मावते. पाणी आधी चुलीकडे जावे, मग गॅसकडे यावे, आणि चुलीकडची त्याची वाट कोणत्याही क्षणी, कोणत्याही कारणाने बंद होता कामा नये. लाकडाची आग हळू तापवते आणि हवी तेव्हा थांबवता येत नाही, म्हणून तिच्यासाठी साठवणीची टाकी लागते. गीझर क्षणात पेटतो व नळ बंद करताच विझतो, म्हणून त्याला टाकी लागत नाही. या दोन स्वभावांची गल्लत केली की सगळा बिघाड सुरू होतो.

आधी उंची मोजा

पाईप विकत घेण्याआधी घरातील चार पातळ्या मोजून कागदावर लिहाव्यात, कारण ही सगळी व्यवस्था पंपाशिवाय केवळ उंचीच्या जोरावर चालणार आहे. आमच्याकडे स्वयंपाकघराची जमीन शून्य धरली, तर गरम पाण्याच्या टाकीचा तळ माळ्यावर २.४ मीटर उंचीवर आहे. घरामागच्या दगडी कट्ट्यावर ठेवलेल्या थंड पाण्याच्या टाकीतील पाण्याची पातळी ४.२ मीटरवर आहे. न्हाणीघर उताराच्या खालच्या बाजूला असल्यामुळे त्याची जमीन १.५ मीटर खाली आहे आणि गीझरच्या पाणी आत घेणाऱ्या नळीचे तोंड त्या जमिनीपासून १.२ मीटर वर आहे.

गीझरपाशी मिळणारा दाब थंड टाकीतील पातळीवरून ठरतो, गरम टाकीच्या उंचीवरून नव्हे; कारण गरम टाकी नेहमी भरलेली असते आणि तिला वरून थंड पाणी ढकलत असते. म्हणजे ४.२ अधिक १.५ वजा १.२, असा ४.५ मीटर पाण्याचा दाब आमच्या गीझरला मिळतो. १० मीटर उंची म्हणजे १ बार, या हिशेबाने तो ०.४५ बार होतो. तात्काळ गीझरमध्ये पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो, तो गॅसची वाट उघडतो आणि ठिणगी पडते. हा पडदा हलायला साधारण ०.२ ते ०.२५ बार दाब आणि मिनिटाला अडीच-तीन लिटरचा प्रवाह लागतो. दुकानात गीझर घेताना कमी दाबावर चालणाराच मागावा आणि त्याच्या माहितीपत्रकावरचा किमान दाबाचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. पाईप बारीक असला किंवा वळणे फार असली, तर कागदावरचा दाब नळापर्यंत पोचत नाही, म्हणून टाकीपासून गीझरपर्यंतचा पाईप पाऊण इंची तरी हवा.

डोंगरातल्या घराला ही उंची फुकट मिळते. मिरज किंवा तासगावकडच्या सपाट रानातल्या घरात ती उभारावी लागते. तिथे लोखंडी मनोऱ्यावर टाकी चढवणे हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. पंपच बसवायचा ठरला, तर बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा पंप गरम टाकीच्या पुढे, टाकी आणि गीझर यांच्यामध्ये बसवावा आणि तो गरम पाण्यासाठी बनवलेला असावा. थंड बाजूला बसवला, तर त्याच्या जोराने गरम टाकीच्या माथ्यावरच्या हवेच्या उघड्या नळीतून पाणी उसळून बाहेर पडते.

चुलीतील गुंडाळी

गुंडाळीसाठी पाऊण इंची तांब्याचा पाईप घ्यावा आणि तीन ते चार मीटर लांबीत चार-पाच वेढे द्यावेत. तिची जागा ठरवताना घाई करू नये. गुंडाळी थेट आगीच्या पोटात ठेवली तर ज्वाळा थंड पडतात, लाकूड अर्धवट जळते, धूर वाढतो आणि धुराड्याच्या आतून डांबरासारखा काळा थर धरतो. तो थर पुढे पेटूही शकतो. अगदी धुराड्यात वर ठेवली तर उष्णता फारशी मिळत नाही. दोहोंच्या मधली जागा म्हणजे वैल. आमच्या चुलीत वैलाच्या पोटातून धुराड्याकडे जाणाऱ्या वाटेवर गुंडाळी बसवली आहे आणि वैलाचे तोंड घट्ट बसणाऱ्या लोखंडी तव्याने झाकले आहे. तवा उचलला की गुंडाळी दिसते आणि वेढ्यांवरची काजळी ब्रशने काढता येते. ही सोय न ठेवता सगळे मातीने लिंपून टाकले, तर काजळीचा थर उष्णता अडवतो आणि सहा महिन्यांत पाणी कोमटच येऊ लागते.

तासाला दोन किलो लाकूड जळते, त्यातून सुमारे ७,२०० किलोकॅलरी उष्णता निघते आणि तिचा चौथा हिस्सा पाण्याला मिळतो असे धरल्यास १०० लिटर पाणी तासाला १८ अंशांनी चढते. सकाळी दोन तास चूल पेटली, तर २० अंशांचे पाणी ५५ अंशांच्या पुढे जाते. आमचा अनुभव याच्या जवळपासचा आहे. पावसाळ्यात लाकूड दमट असले, तर मात्र उष्णतेचा बराच भाग त्यातलेच पाणी उडवण्यात खर्च होतो. म्हणून आगोटीच्या तयारीतच, मे महिन्याच्या आत, लाकडे फोडून आडोशाला रचावीत.

आगीजवळचे सांधे पितळी डागाने, म्हणजे ब्रेझिंगने जोडून घ्यावेत. साधे कथलाचे डाग तिथे टिकत नाहीत, कारण गुंडाळी एखाद्या वेळी कोरडी पडली की ते वितळतात. चुलीपासून पुढचे दीड-दोन मीटर धातूचाच पाईप असावा. गरम पाण्यासाठीचा प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाईप ८० अंशांच्या आसपासपर्यंतच भरवशाचा असतो आणि चुलीतून निघणारे पाणी त्याहून सहज गरम होते. नळाच्या थंड पाण्याचा साधा पांढरा पीव्हीसी पाईप या व्यवस्थेच्या गरम बाजूला कुठेही वापरू नये.

पाणी आपोआप कसे फिरते

गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरते, इतकीच यातली युक्ती. पण हा जोर किती थोडा असतो, हे आकड्यांनी कळले की पाईप टाकताना हात आपोआप काळजीने चालतो. २० अंशांच्या १ घनमीटर पाण्याचे वजन ९९८ किलो असते आणि ६० अंशांच्या पाण्याचे ९८३ किलो. फरक केवळ १५ किलोंचा. चूल आणि टाकी यांच्यात दीड मीटर उंची असेल, तर पाणी फिरवणारा जोर अवघ्या सव्वादोन सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. एक उलटा बाक, एक अरुंद एल्बो किंवा अडकलेला हवेचा बुडबुडा एवढा जोर सहज गिळून टाकतो.

त्यामुळे टाकीतून चुलीकडे आणि चुलीतून परत टाकीत, अशा या फेऱ्याचे दोन्ही पाईप एक इंची घ्यावेत. टाकीच्या तळापासून निघणारा पाईप गुंडाळीच्या खालच्या तोंडाला आणि गुंडाळीच्या वरच्या तोंडातून निघणारा पाईप टाकीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात जोडावा. गरम पाईप संपूर्ण वाटेत चढताच राहिला पाहिजे. दर मीटरला तीन-चार सेंटीमीटर चढ मी किमान मानतो आणि कौलांच्या वाशाला वळसा घालण्यासाठीसुद्धा तो मध्येच खाली उतरवू देत नाही. आडवे अंतर उभ्या उंचीपेक्षा जास्त होत असेल, तर टाकीची जागा बदलावी. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे लांब वळणाचा बाक घ्यावा.

या फेऱ्यात वाट बंद करणारा व्हॉल्व्ह असू नये. हे वाक्य मी अनुभवातून लिहितो आहे. पहिल्या वर्षी काम करायला आलेला प्लंबर म्हणाला, "दादा, दोन्हीकडं बॉल व्हॉल्व्ह टाकून देतो, टाकी धुवायला बरं पडंल." मलाही ते पटले. ऑगस्टमध्ये टाकी धुण्यासाठी मी ते दोन्ही बंद केले आणि उघडायचे विसरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने नेहमीप्रमाणे चूल पेटवली. पाव तासात भिंतीच्या आतून कुणी हातोडा मारावा असे ठोके येऊ लागले. आई पीठ आणायला आतल्या खोलीत गेली होती, तेवढ्यात गुंडाळीमागची युनियन, म्हणजे पाईपांचा सोडवता येणारा सांधा, सुटली आणि वाफेने चुलीतले निखारे व राख समोरच्या भिंतीपर्यंत फेकली. जिथे ती रोज पाटावर बसते, तिथेच ते निखारे पडले होते. १ लिटर पाण्याची वाफ झाली की तिला जवळजवळ १,६०० लिटर जागा लागते, आणि आमच्या त्या गुंडाळीला बाहेर पडायला एकही वाट उरलेली नव्हती. त्याच आठवड्यात मी दोन्ही व्हॉल्व्ह कापून काढले. टाकी धुवायची असेल, तर चूल त्या दिवशी पेटत नाही आणि तळाच्या निचऱ्याच्या नळाने सगळे पाणी सोडले जाते. वेगळ्या व्हॉल्व्हची गरजच नसते.

याच्या उलटही धोका आहे. गुंडाळी कोरडी असताना आग पेटली, हे लक्षात आले, तर घाईने पाणी सोडू नये. तापलेल्या तांब्यावर पाणी पडताच त्याची एकदम वाफ होते. लाकडे बाहेर ओढून चूल निवू द्यावी आणि मगच टाकी भरावी.

टाकी आणि हवेची नळी

गरम टाकीसाठी नवी वस्तू शोधत बसण्याची गरज नाही. सातारा-सांगलीत घरोघरी सौर बंब आहेत आणि त्यातले पॅनेल खराब झाल्यावर टाकी भंगारात निघते. ही टाकी आतून स्टीलची आणि भोवती फोमचे आवरण असलेली असते. मात्र ती सपाट पॅनेलच्या बंबाची असावी. तिला पॅनेलकडे जाण्या-येण्याची दोन तोंडे असतात आणि तीच आपल्या फेऱ्याला जोडता येतात. काचेच्या नळ्यांच्या बंबाच्या टाकीला नळ्या खुपसण्याची भोके असतात, ती इथे निरुपयोगी आहेत. घेण्यापूर्वी टाकी पाण्याने भरून एक रात्र ठेवून गळते का ते पाहावे. या टाक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून थंड पाण्याची पातळी तिच्यापेक्षा दोन मीटरहून जास्त उंच नेऊ नये.

आवरण फाटलेले असेल, तर आमच्याकडच्या भात गिरणीतले तूस उत्तम काम देते. टाकीभोवती फळ्यांचे खोके करून १५ सेंटीमीटर जाडीचे कोरडे तूस दाबून भरावे आणि वरून प्लास्टिकचा कागद घालावा, कारण तूस भिजले की ऊब धरत नाही आणि कुजते. असे खोके केल्यापासून संध्याकाळी ५५ अंशांवर असलेले आमचे पाणी सकाळी ५० च्या आसपास सापडते.

टाकीच्या माथ्यावरून हवेची उघडी नळी काढून ती थंड टाकीतील पातळीपेक्षा किमान ३० सेंटीमीटर उंच न्यावी आणि तिचे तोंड घराबाहेर खाली वळवावे. पाणी तापले की फुगते. २० अंशांवरून ८० अंशांवर गेलेले १०० लिटर पाणी जवळजवळ पावणेतीन लिटरने वाढते. ती वाढ बहुतेक थंड टाकीकडे मागे सरकते, पण पाणी उकळलेच तर वाफेला हीच नळी वाट देते. आमच्यासारख्या डोंगरात पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते, १,००० मीटर उंचीवर ९७ अंशांच्या आसपासच. या नळीला व्हॉल्व्ह, झाकण किंवा चिमण्या घरटे करतील म्हणून कोंबलेला बोळा, यांपैकी काहीही नसावे. तोंडाला बारीक तारेची जाळी पुरे. एवढे करूनही गुंडाळीच्या गरम तोंडाजवळ एक दाबमोचक, म्हणजे दाब वाढताच आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तो आपला जीव वाचवणारा दुसरा पहारेकरी आहे.

थंड पाणी गरम टाकीच्या तळात शिरते, तिथे पाईपला खाली हातभर बाक द्यावा, म्हणजे गरम पाणी उलट चढून थंड टाकी तापवत नाही. परदेशी माहितीत पाईप गोठण्यापासून वाचवण्यावर बरीच चर्चा असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात हे खरे, पण आपल्या भागात त्यासाठी वेगळी तजवीज करण्याचे कारण नाही.

गीझर कुठे आणि कसा जोडावा

गीझर न्हाणीघराच्या आत लावू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, पागोळीच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला लावावा. बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात येत राहतात आणि त्यांतील बहुतेक टाळता आले असते. हाच नियम लाकडाच्या बंबालाही लागू आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नये. तो उभा, जमिनीच्या बरोबरीने, मोकळ्या जागी असावा. गीझरवर आयएसआय चिन्ह पाहावे. त्याची ठिणगी दोन साध्या बॅटरी सेलवर पडते, त्यामुळे वीज नसल्याचा प्रश्नच येत नाही.

आता मुख्य सांधा. साधा तात्काळ गीझर आत येणारे पाणी किती गरम आहे ते पाहत नाही. मिनिटाला ६ लिटर पाण्याला तो २५ अंश उष्णता चढवणार, मग पाणी २० अंशांचे असो वा ४५ अंशांचे. ४५ अंशांचे पाणी आत सोडले, तर ७० अंशांचे बाहेर येते आणि कातडी भाजते, किंवा गीझरचा सुरक्षा-स्विच मध्येच आग बंद करतो. म्हणून टाकीतून येणारे सगळे पाणी डोळे झाकून गीझरमधून नेण्याची जोडणी मी चुकीची मानतो.

टाकीतून आलेल्या पाईपवर प्रथम एक घड्याळी तापमापक बसवावा. त्यानंतर टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा लावून दोन फाटे करावेत : एक गीझरमधून जाणारा आणि दुसरा गीझरला वळसा घालून थेट पुढे जाणारा. दोन्ही फाटे पुढे पुन्हा एक होऊन न्हाणीघरात जातात. वळशाच्या फाट्यावर एक बॉल व्हॉल्व्ह असावा. गीझरच्या फाट्यावर आत शिरण्याआधी एक आणि बाहेर पडल्यावर एक असे दोन असावेत, म्हणजे गीझर दुरुस्तीसाठी उतरवता येतो. हे व्हॉल्व्ह टाकीच्या पुढे आहेत, चुलीच्या फेऱ्यात नाहीत. ते बंद असले तरी चुलीकडची वाट उघडीच राहते.

वापराचा नियम आम्ही न्हाणीघराच्या दाराबाहेर तापमापकाशेजारी रंगाने लिहून ठेवला आहे. काटा ४२ अंशांच्या वर असेल, तर वळशाचा व्हॉल्व्ह उघडावा आणि गीझरच्या फाट्याचा बंद ठेवावा. काटा ३० च्या खाली असेल, तर वळसा बंद करून व गीझरचा फाटा उघडून गीझर पूर्ण आगीवर चालवावा. दोहोंच्या मध्ये असेल, तर वळसा बंदच ठेवून गीझरची हिवाळा-उन्हाळा कळ उन्हाळ्याच्या बाजूला, म्हणजे मंद आगीवर ठेवावी. तेव्हा तो दहा-बारा अंशच चढवतो आणि ३२ अंशांचे पाणी ४४ च्या आसपास येते. २० लिटरच्या एका अंघोळीला पूर्ण आगीवर सुमारे ५७ ग्रॅम गॅस लागतो, तर कोमट पाण्यावर १० अंश चढवायला २३ ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये पहिल्या हिशेबाने सुमारे २५० अंघोळी होतात, दुसऱ्या हिशेबाने सहाशेच्या वर.

ज्यांना हाताने व्हॉल्व्ह फिरवायचे नाहीत, त्यांनी तापमान ओळखून आग कमी-जास्त करणारा गीझर घ्यावा आणि दुकानदाराला "सोलरसोबत चालतो का" असे स्पष्ट विचारावे. आत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा माहितीपत्रकात लिहिलेली असते. अशा काही गीझरांना घरगुती वीज लागते, हे घेण्यापूर्वी तपासावे. घरात लहान मुले किंवा वयस्क माणसे असतील, तर दोन्ही फाटे एक झाल्यानंतर आपोआप थंड पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह जरूर बसवावा, पण कमी दाबावर चालणारा असेल तरच. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी सोलते.

आणखी एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. न्हाणीघरातल्या मिसळणीच्या नळाला येणारे थंड पाणी त्याच थंड टाकीतून आलेले असावे. ते दुसऱ्या, जास्त उंचीच्या टाकीतून आणले, तर ते गरम पाण्याला मागे रेटते, गीझरमधला प्रवाह मंदावतो आणि तो विझतो. तसेच गीझर चालू असताना नळ बारीक केला, तर गीझरमधून जाणारे पाणी कमी होऊन ते अधिकच तापते. म्हणून नळ पूर्ण उघडून पाणी बादलीत घ्यावे आणि थंड पाणी बादलीतच मिसळावे. एवढ्या थोड्या दाबावर शॉवरची धारही समाधानकारक पडत नाही; बादली-तांब्याची सवय इथे सोयीचीच ठरते.

चाचणी आणि देखभाल

सगळे जोडून झाल्यावर पहिल्या दिवशी आग लावू नये. टाकी भरून हवेच्या नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि प्रत्येक सांध्यावर कोरडे फडके फिरवावे. दुसऱ्या दिवशी थोड्या काटक्यांची लहान आग करून गरम व थंड अशा दोन्ही पाईपांना आळीपाळीने हात लावावा. दहा-पंधरा मिनिटांत वरचा पाईप गरम आणि खालचा गार लागला, तर पाणी फिरते आहे. दोन्ही गरम लागले किंवा आतून गुडगुड ऐकू आली, तर कुठेतरी हवा अडकली आहे किंवा चढ उलटा पडला आहे. आग काढून तो दोष आधी शोधावा.

बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना, विशेषतः जत, आटपाडी, माण, खटाव या भागात, क्षारांचा त्रास होतो. पाणी ६० अंशांच्या पुढे गेले की क्षार झपाट्याने बसतात आणि गुंडाळीच्या आत पांढरा दगडी थर चढतो. तिथे टाकी ५५ अंशांच्या पुढे तापू न देणे चांगले, आणि वर्षातून एकदा गुंडाळी सोडवून किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने रात्रभर भरून ठेवावी. दुसरीकडे, ३०-४० अंशांवर दिवसेंदिवस साठलेल्या पाण्यात फुप्फुसांना अपाय करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस जास्त जळण घालून टाकी ६० अंशांवर न्यावी. आमच्याकडे ते रविवारी होते, कारण त्या दिवशी चुलीवर स्वयंपाकही जास्त असतो. बोअरच्या पाण्यावरच्या घरांनीही आठवड्यातला हा एक दिवस चुकवू नये.

पावसाळ्यापूर्वी धुराडे झाडावे, वैलाचा तवा उचलून वेढ्यांवरची काजळी काढावी, हवेच्या नळीच्या जाळीत कुंभारमाशीने माती भरलेली नाही ना ते शिडी लावून पाहावे आणि दाबमोचक व्हॉल्व्हची कळ एकदा उचलून पाणी सुटते का ते तपासावे. गीझरची गॅसची रबरी नळी साबणाच्या फेसाने तपासावी. फुगे आले तर ती त्याच दिवशी बदलावी. सेलची नवी जोडी डब्यात घालून ठेवावी, कारण ते दगा देतात ते नेमके जुलैत, धुक्याने पॅनेल झाकलेले असताना आणि लाकूड सादळलेले असताना, जेव्हा बाजारचा रस्ताही पाण्याखाली असतो.